शर्यतीची सायकल आणि हिमायतनगरची वाट

आपल्या व्यापारी घरांत सायकल पुन्हा आली आहे. मात्र ती आजोबांच्या काळातील नव्हे. तेव्हा उधारी-वसुलीसाठी गावोगाव फिरणारी काळी, जड सायकल असे. आता मुलाच्या हाती खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, एका हाताने उचलता येणारी शर्यतीची सायकल दिसते. पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटरचा फेरा मारून तो दुकान उघडण्याच्या वेळेस परत येतो. वर्ष-दोन वर्षांत त्या फेऱ्यांतून त्याचे मन भरते आणि सामान बांधून चार दिवसांच्या प्रवासाला निघावे, असे त्याला वाटू लागते. तेथे वडिलांपुढे प्रश्न उभा राहतो : एवढी किंमत मोजून घेतलेली सायकल या प्रवासाला चालेल, की दुसरी घ्यावी लागेल? प्रश्न पैशाचा आहे, तसाच मुलाच्या सुरक्षिततेचाही आहे.

बँकेत यंत्रसामग्रीच्या कर्जाचा अर्ज आला की यंत्र किती उत्तम आहे, यापेक्षा ते कोणत्या कामासाठी हवे आहे, हे आम्ही आधी विचारीत असू. सायकलीलाही हाच नियम लावावा. शर्यतीची सायकल एकाच हिशेबाने घडविलेली असते : एक स्वार, गुळगुळीत डांबर आणि कमीत कमी वेळ. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये, असा नियमच करावा लागला. वजन घटविण्याची ओढ किती असते, हे त्यावरून कळावे. सामान वाहणे हे काम तिच्या कारागिराने गृहीतच धरलेले नसते.

गेल्या हिवाळ्यात नांदेड ते हिमायतनगर आणि पुढे सहस्रकुंड, असा दोन दिवसांचा प्रवास मी पुतण्यासह केला. त्याची सायकल शर्यतीची, माझी साधी, पोलादी, कॅरियर लावलेली. हिमायतनगर नांदेडहून सुमारे ९० किलोमीटर. भोकरपर्यंतचा रस्ता कल्याण-निर्मल महामार्गाचा. त्या डांबरावर पुतण्या सहज पुढे निघून जाई आणि पुढच्या गावी चहाच्या हॉटेलासमोर माझी वाट पाहत उभा राही. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांवर ऊन चढण्याआधी आम्ही निम्मी वाट संपविली होती. त्याच्याजवळ सीटखाली बांधलेली चार-पाच किलोंची पिशवी होती. बाकीचे ओझे माझ्या कॅरियरवर. चांगला रस्ता आणि हलके सामान असेल, तर शर्यतीच्या सायकलीविरुद्ध तक्रारीला जागा नाही, हे या टप्प्याने दाखविले.

प्रवास तीन-चार दिवसांचा झाला आणि सोबत कोणी नसले की हिशेब बदलतो. कपडे, अंथरूण, खाद्यपदार्थ, अवजारे, पाणी मिळून पंधरा किलो सहज होतात. ते बांधायचे कोठे? बहुतेक शर्यतीच्या सायकलींना कॅरियर बसविण्याची भोकेच नसतात. कार्बनच्या नळीवर पट्टा आवळून कॅरियर कसणे धोक्याचे. ती नळी दाबाने तडकू शकते. कसेबसे बसविलेच, तरी मागचे चाक पुढे ओढून घेतलेले असल्याने पायडल मारताना टाच पिशवीला घासते. चाकाला वीस-चोवीस तारा असतात. प्रवासी सायकलीला बत्तीस ते छत्तीस. खड्ड्यात चाक आपटले की तो फरक समजतो.

गिअरचेही तसेच. शर्यतीच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर साधारणपणे पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा वेळा फिरवितो. प्रवासी सायकलीचा पाऊण वेळा. रिकाम्या सायकलीवर हा फरक जाणवत नाही. ओझे घेऊन किनवटच्या पुढे माहूरचा चढ चढणाऱ्याचे गुडघे मात्र तो विसरत नाहीत.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपविली. ही उदाहरणे देऊन तरुण विचारतात, हजारो किलोमीटर शर्यतीची सायकल चालते, मग आमचे चारशे का नाहीत? याचे उत्तर मागे चालणाऱ्या मोटारीत आहे. त्या शर्यतीत अन्न, पाणी, सुटी चाके आणि माणसे गाडीतून येतात. सायकलीवर केवळ स्वार असतो. याउलट आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईचे तरुण १९२३ साली जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये परतले, ते पोलादी सायकलींवर. लांबी दोन्हीकडे मोठी. पण ओझे कोण वाहतो, यावर सायकल ठरते.

दुपारी आम्ही हिमायतनगरला पोहोचलो. गावाचे जुने नाव वाढोणा. वृद्ध माणसे आजही तेच नाव घेतात. येथील श्री परमेश्वराचे मंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पैनगंगेच्या काठच्या गावांची ही बाजारपेठ. किराणा, कापड, बी-बियाणे यांची दुकाने एकमेकांना लागून. बाजारातील सायकल-दुकानात पुतण्याने सहज चौकशी केली. दुकानदाराकडे अठ्ठावीस इंची ट्यूब-टायर होते. पण साध्या सायकलीच्या त्या टायरची कडा ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते, शर्यतीच्या सायकलीची ६२२ वर. नाव जवळपास एकच, माप वेगळे. हवेचा पंपही बारीक व्हॉल्व्हला लागेना. त्याला जोडणारे छोटे पितळी टोपण पुतण्याच्या खिशात होते, म्हणून काम भागले. व्यापाऱ्याला हे सांगायला नको : ज्या मालाचे सुटे भाग वाटेवरच्या पेठेत मिळत नाहीत, त्याचा साठा स्वतः बाळगावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सहस्रकुंडाकडे निघालो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे, पण काही पट्ट्यांत डांबर उखडलेले. तेथे मी पुढे आणि पुतण्या मागे. पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये नव्वद-शंभर पौंड हवा भरलेली. प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोहोचे. हवा कमी करावी, तर टायर रिमवर आपटून ट्यूब चिरण्याची भीती. कडेच्या पायवाटेवर सराट्याचे आणि बाभळीचे काटे. बारीक टायर त्यांच्यापुढे फार टिकत नाही. आमचे दोन पंक्चर त्याच टप्प्यात झाले.

हिवाळ्यात एवढ्यावर निभावले. पण सहस्रकुंडाचे रूप पाहायचे ते पावसाळ्यात. तेव्हा पैनगंगा काळ्या खडकांच्या कपारींतून अनेक धारांनी कोसळते. पलीकडचा काठ विदर्भाचा. त्याच दिवसांत आपली काळी माती चाकाला चिकटते. शर्यतीच्या सायकलीत टायर आणि ब्रेक यांमध्ये जेमतेम काही मिलिमीटर जागा असते. शेतरस्त्यावर पन्नास पावले गेले की माती तेथे घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. मग हलकी सायकल खांद्यावर घेण्यापुरतीच हलकी उरते.

तेव्हा निर्णय कसा करावा? घरातील सायकल लगेच अयोग्य ठरवू नये. प्रवास कोरड्या ऋतूतला, रस्ता डांबरी, मुक्काम धर्मशाळेत वा आप्तांकडे आणि सामान पाच-सहा किलो असेल, तर तीच न्यावी. फ्रेममध्ये जागा असल्यास अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर घालावेत. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि व्हॉल्व्हचे टोपण सोबत ठेवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची आपल्या घरांची शिस्त येथे सोयीचीच पडते. मुक्काम उजेडात गाठला जातो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर हिमायतनगरचे स्थानक आहे, हाही अडचणीच्या वेळचा आधार.

मात्र मुलगा एकटा, ओझे घेऊन, पावसाळ्यात किंवा कच्च्या रस्त्याने जाणार असेल, तर पोलादी फ्रेमची, रुंद टायरची, कॅरियरची सायकल घ्यावी. उतारावर पंधरा किलोंचे ओझे मागून ढकलत असताना डगमगणारे हँडल हा काटकसरीचा विषय नव्हे. खर्च टाळायचा असेल, तर घरातील जुनी काळी सायकल दुरुस्त करून हिमायतनगरपर्यंतचा एक प्रवास तिच्यावर करून पाहावा. नवी घ्यावी की नाही, हे त्या नव्वद किलोमीटरनंतर मुलगा स्वतःच सांगेल.