घोटीत बसून मंत्रालयाचा पास!

मंत्रालयाच्या गेटचा पास घोटीत निघतो! घोटीत! आमच्या बाजारपेठेत, भाताच्या गिरणीच्या दारात उभं राहून! पेपरात छापून आलं असेल, मोबाइलवरही फिरलं असेल, पण आपण वाचतो थोडंच? मी तर परवा समोर बघितलं तेव्हा कुठे विश्वास बसला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

ॲपचं नाव ‘डिजी प्रवेश’. मंत्रालयात जाणाऱ्या बाहेरच्या माणसाला 15 ऑगस्ट 2025 पासून याच ॲपवर आधी नोंदणी करावी लागते. शेजारच्या तात्यांना मदत व पुनर्वसन विभागात जायचं होतं. दारणा, मुकणे, वैतरणा, भावली, भाम अशी एवढी धरणं आमच्या इगतपुरी तालुक्यात. त्या धरणांत गेलेल्या जमिनीच्या कागदांची पिशवी इथे घरोघरी खुंटीला असते. तात्या म्हणाले, “जरा बघ रे तुझ्या मोबाइलात, काय करायचं ते.”

बघितलं. आधार नंबर टाकला. मग चेहरा मागितला. तात्या टोपी घालून ताठ उभे. मागे गिरणी धडधडतेय, हवेत तुसाची धूळ, तोंडावर सावली.

“तात्या, उजेडात या. आणि टोपी काढा.”

“टोपी काढू? फोटोला?”

“आधारवरच्या फोटोत नाही ना टोपी!”

नाइलाजाने काढली, डोक्यावरून हात फिरवला, कॅमेऱ्याकडे असं बघितलं की जणू समोर तहसीलदारच बसलाय. काम झालं! पुढे विभाग निवडायचा, वेळ घ्यायची, संपलं. सरकार म्हणतं तीन मिनिटं लागतात. आम्हाला थोडी जास्त लागली, पण ती टोपीपायी.

यातली गंमत लक्षात येतेय का? गेटवरच्या वहीत कुणीही काहीही नाव लिहावं, ओळखपत्रावर पहारेकऱ्याने ओझरती नजर टाकावी आणि रांग पुढे सरकावी, ही झाली आपली नेहमीची पद्धत. इथे आलेला माणूस तोच आहे का, हे तो मुंबईची गाडी पकडायच्या आधीच ठरतं! समोरचा चेहरा आधारच्या फोटोशी जुळतो, काम कुठल्या विभागात तेही नोंदलेलं असतं. आगाऊ निरोप गेलेला पाहुणा आणि दारात अचानक उगवलेला पाहुणा, दोघांचं स्वागत सारखं होतं का कधी?

आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा फक्त आपल्यासाठी आहे असं समजू नका. जानेवारी 2025 मध्ये ती मंत्रालयाच्या दारात आली तेव्हा दहा हजारांवर अधिकारी-कर्मचाऱ्यांचे चेहरे तिच्यात भरले गेले. म्हणजे साहेबही थोबाड दाखवूनच आत! मला तर हे फारच आवडलं. बाहेरून येणाऱ्याने मात्र ज्या विभागाचं काम सांगितलं तिथेच जायचं. पास आहे म्हणून सगळे मजले हिंडायचे नाहीत. रोज साडेतीन हजारांच्या आसपास लोक तिथे येतात, मंत्रिमंडळ बैठकीच्या दिवशी पाच हजारांपर्यंत. एवढ्या गर्दीत कोण कुठे गेला हे वहीत शोधणार कसं?

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हा त्या कार्डाने मंत्रालयाचं दार उघडेल असं कुणाच्या मनात तरी आलं असेल का!

वेळेचंही समजून घ्या. सर्वसाधारण प्रवेश दुपारी 2 नंतर, ज्येष्ठ आणि दिव्यांगांना 12 पासून. तात्या सत्तरीपुढचे, त्यामुळे त्यांना 12 चा फायदा. इगतपुरीहून पंचवटी एक्स्प्रेस गाठली की पुरेसं, पहाटे तीनला उठून अंघोळ नको. ज्याच्याकडे असला मोबाइल नाही त्याच्यासाठी गार्डन गेटला मदतीची खिडकी आहे. ती हवीच, नाहीतर वाड्या-पाड्यांवरच्या माणसाला हे नवं कुलूपच वाटलं असतं. बाकी गेट उघडलं म्हणजे साहेब खुर्चीत सापडतीलच, याची हमी कुठलंही ॲप देत नाही. तो हेलपाटा आपल्या नशिबाचा.

हे सगळं बघून माझ्या डोक्यात आता आमच्याकडचे गोंदे-वाडीवऱ्हेचे कारखाने घुसलेत. माल घेऊन आलेला ड्रायव्हर, दुरुस्तीला आलेला मेकॅनिक, मुलाखतीला आलेली पोरं, सगळ्यांनी गेटवर ताटकळायचं, नाव लिहायचं, आतून फोन येईस्तोवर उन्हात थांबायचं. का? आदल्या रात्री घरून नाव, फोटो, कुणाला भेटायचं ते पाठवलं, आतल्या माणसाने हो म्हटलं, की सकाळी चेहरा जुळवायचा आणि सोडायचं आत! फक्त काम झालं की तो फोटो पुसायचा, एवढं कंपनीने कबूल करावं.

तात्यांची नोंदणी बघून गिरणीवाल्याने पट्टा थांबवला आणि गल्ल्यातून स्वतःचं आधार कार्ड काढलं. मंत्रालयात काय काम म्हणून विचारलं तर म्हणतो, काम निघेल की!