जिंकेल आणि जिंकणार

उद्याबद्दल बोलायच्या मराठीत दोन तऱ्हा आहेत. ‘शिवाजी जिंकेल’ आणि ‘शिवाजीच जिंकणार’. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही भविष्यकाळातच बसतात. पण कोल्हापुरात फुटबॉल बघत वाढलेल्या कुणालाही विचारा, या दोन वाक्यांत पेठ बदलण्याइतकं अंतर आहे. पहिलं वाक्य अंदाज आहे, त्यात एक ‘बहुतेक’ लपलेलं असतं. दुसऱ्यात ‘बहुतेक’ला जागाच नाही. ते बोलणारा आपण कुणाचे आहोत ते सांगत असतो.

शिवाजी म्हणजे शिवाजी तरुण मंडळ. बाहेरच्यांसाठी एवढं सांगायला हवं की आमच्याकडचे फुटबॉल संघ तालमींचे आणि मंडळांचे असतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं लाल मातीतून आली आणि शाहू स्टेडियमच्या मैदानावर उतरली. तुम्ही कुठला संघ निवडता हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तुमचं घर कुठल्या पेठेत आहे यावर तो आधीच ठरलेला असतो. माझ्या काकांचं घर शिवाजी पेठेत. त्यामुळे गेली चाळीस वर्षं प्रत्येक सामन्याआधी त्यांचं भाकीत एकच : “आपलीच पोरं जिंकणार.”

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि रिकाम्या वेळात प्रीमियर लीगच्या निकालांचं मॉडेल चालवतो. म्हणजे मी ‘जिंकेल’वाला. दर शुक्रवारी रात्री माझा प्रोग्रॅम शनिवार-रविवारच्या सामन्यांसाठी तीन-तीन आकडे छापतो : यजमान जिंकण्याची शक्यता, बरोबरीची, पाहुणे जिंकण्याची.

यामागचं गणित फुटबॉलपेक्षा जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते घोड्यांच्या वाटेने आलंय. १८९८ साली लाडिस्लाउस बोर्टकीविच या अभ्यासकाने एक पुस्तक छापलं. त्यात प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची मोजदाद होती. त्यातली १० कोअरची २० वर्षांची आकडेवारी घेतली, तर २०० नोंदी होतात आणि एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींमध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाचं १८३७ मधलं सूत्र लावलं की उत्तर येतं साधारण १०९, ६६, २०, ४, १. कुठला घोडा कुणाला लाथ मारणार हे देवालाही सांगता आलं नसतं. पण एकूण किती लाथा बसतील हे कागदावर मांडता येत होतं.

गोलचं असंच असतं. नव्वद मिनिटांत शेकडो पास होतात आणि चेंडू जाळ्यात जातो एखाददुसऱ्या वेळी. १९८२ मध्ये मायकेल माहेर यांनी प्रत्येक संघाच्या आक्रमणाला आणि बचावाला एकेक आकडा देऊन हेच सूत्र फुटबॉलला लावलं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या : ०-०, १-१ अशा कमी गोलांच्या निकालांना वेगळं वागवायचं, आणि जुन्या सामन्यांना नव्यांपेक्षा कमी वजन द्यायचं. माझं मॉडेल या दोघांचंच नातवंड आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा यजमान संघाकडून सरासरी १.६ गोल अपेक्षित आहेत आणि पाहुण्यांकडून १.१. साधं सूत्र सांगतं : यजमान जिंकण्याची शक्यता ४९ टक्के, बरोबरी २५, पाहुणे २६. आता खरी मजा बघा. जिंकण्याची सर्वात जास्त शक्यता यजमानांची, पण एकेक स्कोअर सुटा पाहिला तर सर्वात शक्य स्कोअर निघतो १-१. आणि तोही फक्त १२ टक्के. म्हणजे सगळ्यात हुशार माणसाने अचूक स्कोअर सांगायचा ठरवला तरी आठ-नऊ सामन्यांत एकदा बरोबर येईल. आपल्या ग्रुपवर कुणीतरी ‘२-१, लिहून ठेव’ म्हणतो आणि तसंच होतं, तेव्हा आपण त्याला ज्योतिषी ठरवतो. मागच्या सात वेळचं कुणीच लिहून ठेवलेलं नसतं.

लिहून ठेवायची पद्धत मात्र आहे, आणि ती हवामानखात्याच्या दुनियेतून आलीय. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने अंदाजांना गुण द्यायची रीत मांडली. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यातला फरक घ्यायचा, वर्ग करायचा, सरासरी काढायची. शून्य म्हणजे देवमाणूस. समजा एखादा संघ दहापैकी सहा सामने जिंकतो. त्याच्याबद्दल दर वेळी ‘६० टक्के’ म्हणणाऱ्याला ०.२४ मिळतात. दर वेळी ‘जिंकणारच’ म्हणणाऱ्याला ०.४०. मी हे काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “साठ टक्के ओरडू काय मग स्टेडियमवर?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्यात पावसाळ्यात रेस असतात, तिथे एका रविवारी गेलो तेव्हा ते जरा दिसायला लागलं. जुलै ते ऑक्टोबर पुणे, मग हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी, असा घोड्यांचा हंगाम फिरतो. रेसकोर्सवर मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की तिथे पेठ नाही. पॅडॉकच्या कठड्याला टेकून लोक रेसबुक वाचत उभे असतात. मागच्या शर्यतीत घोडा कितवा आला, जॉकी कोण, पाठीवर वजन किती, अंतर किती. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना एका पातळीवर आणायचा हॅंडिकॅपर प्रयत्न करतो, आणि त्याची नजर कुठे चुकली ते हे लोक शोधत असतात. अर्ध्या तासापूर्वी ज्या घोड्यासाठी गळा फाडला त्याच्या विरोधात पुढच्या वेळी पैसे लावताना कुणाला काही वाटत नाही. सगळे ‘जिंकेल’वाले.

टोटची यंत्रणा तर या ‘जिंकेल’चीच बेरीज आहे. तिथे भाव कुणी एक माणूस ठरवत नाही. सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा जातो, उरलेले जिंकलेल्या घोड्यावर लावणाऱ्यांत वाटले जातात. १८६७ च्या सुमाराला पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने ही पद्धत सुरू केली. तिचं पहिलं स्वयंचलित यंत्र १९१३ मध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं. ते बनवणारे जॉर्ज ज्युलियस इंजिनिअर होते आणि मूळ यंत्र त्यांनी निवडणुकीतली मतं मोजायला आखलं होतं. सरकारला ते नको होतं, म्हणून ते घोड्यांकडे वळलं. मला हे फार आवडतं. टोटच्या फलकावरचा आकडा म्हणजे खरोखरच मतमोजणी आहे, फक्त प्रत्येक मतामागे नोटा आहेत.

आणि ही गर्दी बऱ्यापैकी शहाणी असते. हॉंगकॉंगच्या रेसवर संगणकी मॉडेल चालवून प्रचंड पैसा कमावणाऱ्या बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली रीत छापली, तेव्हा तिच्यात एक कबुली होती. नुसत्या मॉडेलपेक्षा मॉडेल अधिक गर्दीचे भाव हे मिश्रण जास्त अचूक. गर्दीचा एक जुना दोष मात्र १९४९ पासून नोंदलेला आहे : कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या घोड्यावर लोक त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. हिशेबी माणसांच्या त्या मेळाव्यातही कुणीतरी मनात ‘हाच येणार’ म्हणत असतो.

हा ‘येणार’ कुणाच्या धंद्याचा आहे ते मला माझ्या चुलतभावामुळे कळलं.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. काकांच्या खांद्यावर बसून त्याने शिवाजीचे सामने पाहिले. नोकरी लागल्यावर त्याच्या फोनमध्ये एक बेटिंगचं ॲप आलं आणि रात्री साडेबाराला मेसेज यायला लागले : “दादा, तुझं मॉडेल काय म्हणतंय? किती लावू?” एका रात्री मी त्याला त्या ॲपवरचे तीन भाव घेऊन हिशेब करून दाखवला. यजमान १.९५, बरोबरी ३.८०, पाहुणे ३.६०. प्रत्येकाने एकला भागायचं आणि बेरीज करायची. ५१ अधिक २६ अधिक २८. “१०५ आले ना? शक्यतांची बेरीज १०० च्या वर जात नाही. वरचे पाच त्यांचे. तू जिंक नाहीतर हर.”

तो म्हणाला, “पण दादा, मी फक्त आपल्या टीमवर लावतो.”

युरोपातला एक क्लब त्याचा ‘आपला’ होता. त्याच्या विरोधात पैसे लावणं त्याला गद्दारी वाटायची, मग भाव कितीही वाईट असो. धंदेवाल्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? काकांनी चाळीस वर्षं जे फुकट म्हटलं, त्याच वाक्याला आता भाव चिकटला होता, आणि तो दर वेळी थोडा महाग होता. पगारातून किती गेले हे त्याने मला कधी नीट सांगितलं नाही. मला दिसलं ते वेगळंच. शाहू स्टेडियमवर शिवाजी खेळत होता, काका उभे राहून ओरडत होते आणि तो शेजारी बसून फोनवर कुठल्यातरी दूरच्या सामन्यात दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर किती होतील ते बघत होता. शिवाजीने गोल केला तेव्हा त्याने मान वर केली, आणि विचारलं, “कुणी मारला?”

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. रेसकोर्सची गोष्ट वेगळी : घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलंय. कायद्याने एका रात्रीत काय बदलतं आणि काय नुसतं दुसऱ्या लिंकवर सरकतं, हे तुमच्याही ग्रुपवर दिसत असेल.

लेस्टर सिटीची गोष्ट या सगळ्यात सारखी आठवते. २०१५ च्या हंगामाआधी इंग्लंडमधल्या बुकींनी त्यांच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता. क्लाउडिओ रानिएरींचा संघ १० गुणांच्या फरकाने जिंकला. तो भाव गणिताने काढलेला नव्हताच, ‘लावा हवं तर’ अशी थट्टा होती. ज्या थोड्या चाहत्यांनी किरकोळ रक्कम लावली त्यांनीही हिशेब केला नव्हता. त्यातल्या काहींनी मात्र हंगाम रंगात आला तेव्हा घाबरून कमी पैशांत ते बेट बुकीलाच परत विकलं. ‘जिंकणार’ म्हणून घेतलेलं तिकीट हातात रक्कम दिसताच ‘जिंकेल का?’ होऊन गेलं. त्यांना मी दोष देत नाही. पैसा शेजारी येऊन बसला की निष्ठेलाही आकडेमोड सुचते.

आणि काकांचा तो प्रश्न? २०२०-२१ च्या हंगामात कोविडमुळे प्रीमियर लीगचे जवळजवळ सगळे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. त्या हंगामात यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पाहुण्यांनी जास्त सामने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या मॉडेलमध्ये ‘घरचं मैदान’ म्हणून एक छोटा आकडा आहे. तो कशाचा बनलाय याची मी तोवर फार चौकशी केली नव्हती. प्रवास, सवयीचं गवत, रेफरीवरचा दबाव, असं बरंच काही त्यात असेल. पण त्यातला एक तुकडा काकांच्या घशाचा आहे. साठ टक्के ओरडून तो तयार होत नाही.

म्हणून मी दोन्ही करतो. शुक्रवारी रात्री आकडे काढतो, सोमवारी ब्रायरच्या रीतीने स्वतःला गुण देतो. शिवाजीचा सामना मात्र मॉडेलमध्ये घालत नाही. डेटा मिळणार नाही असं नाही, काकांच्या डोक्यात चाळीस वर्षांचा आहे.

भावाचा मेसेज अजूनही येतो, पूर्वीपेक्षा कमी. लावतो की नुसतं विचारतो, ते मी विचारत नाही. परवा त्याला लिहिलं, “४९ टक्के.” थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं.

“म्हणजे जिंकणार ना?”