पाण्याबाहेरचं सुख

वाई तालुक्यातल्या आमच्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, पण पोहायला शिकणाऱ्यानं पायऱ्यांनी उतरायचं नाही, असा काकांचा दंडक. पाठीला वाळक्या पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला दोर आणि काठावरून सरळ ढकलून द्यायचं. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की बुडायचं म्हटलं तरी जमत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढी बोंब ठोकली नसती. उन्हाळाभर बिंड्यातलं एकेक लाकूड कमी होत गेलं, मग नुसता दोर उरला, मग तोही सुटला. भाऊ वरून मुटके मारायचे, कपारीतले पारवे फडफडत बाहेर पडायचे.

ते पाणी मला आवडायचं असं मात्र नाही. गार, हिरवट, तळ न दिसणारं. आवडायचं ते नंतरचं. तापलेल्या दगडावर पालथं पडायचं, घरी येऊन आमटीत भाकरी कुस्करायची. एरवी ताटात टाकून उठणारी मी त्या दिवसांत भाकरी मागून घ्यायचे आणि अंथरुणाला पाठ टेकली की सकाळच.

मग मी ‘मोठी’ झाले आणि विहीर भावांची राहिली. घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. त्याचा राग अजून आहे.

पुढं मुंबई, नोकरी, लोकल, मुलांचे डबे. पन्नाशीला गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. म्हणून दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात महिलांच्या बॅचला नाव घातलं. इथं तळ दिसतो, आणि क्लोरीनचा वास केसांतून संध्याकाळपर्यंत जात नाही. कपडे बदलताना सुना, सासवा, कांद्याचे भाव असा सगळा संसार ऐकू येतो. पाण्यात उतरलं की सगळ्या गप्प. श्वास सोडायची वेळ चुकली तर नाकातोंडात पाणी जातं. अशा वेळी कालचं भांडण कोण उगाळणार?

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा कामात बुडून जाणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं, की त्या घडीला माणसाला आपण सुखी आहोत हे जाणवतही नाही, कारण सगळं लक्ष हातातल्या कामात गेलेलं असतं. सुख कळतं ते मागाहून. मला हे पटतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणं खरं तर कंटाळवाणं आहे. पण पोहून आलेल्या दिवशी बसची रांग लांब वाटत नाही, भाजीवालीशी घासाघीस होत नाही, दुपारी डोळा लागतो. चुकवलेल्या दिवशी नवरा भांड्यांच्या आवाजावरूनच ओळखतो, ‘आज गेली नाहीस वाटतं.’ आनंदाची शिबिरं भरवणाऱ्यांनी या भांड्यांचा कधी विचार केलाय का, कोण जाणे.

सगळ्याला हे औषध चालत नाही. आई गेली त्या महिन्यात मी रोज पोहत होते. दुःख तसूभर हललं नाही. रात्री झोप तेवढी यायची.

परवा धाकट्या जावेचा फोन आला. मुलगी सासरी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाली. ‘ताई, मी पण येऊ का तुमच्याबरोबर? मन रमेल?’

मी सांगितलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घे, फोटो घे, टोपी तुझी तू आण. आणि निघण्याआधी डाळ भिजत घालून ये, आल्यावर भूक फार लागते.

‘पाणी गार असतं का हो?’

‘असतं,’ म्हटलं. ‘सोमवारी ये.’