फळ्यावर लिहिलेले नाव



मी सातवीचा वर्गप्रमुख. बाई वर्गात नसल्या की गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे माझे काम. पहिल्या सत्रात मी सर्वांत जास्त वेळा ज्याचे नाव लिहिले, तो गडबड करणारा नव्हताच. तो माझ्याच शेजारी बसतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्या नावापुढे मी लिहायचो, 'लक्ष नाही'.

सगळे खाली बघून लिहीत असले तरी त्याची मान वर. दारात कुत्रे आले, खिडकीशी कुणी थांबले, की ह्याचे डोळे तिकडे. मला वाटे, ह्याला अभ्यास नकोच.

एकदा खो-खोत तो माझ्या विरुद्ध संघात होता. पळताना आम्ही 'खो' ऐकतो आणि वळतो. त्याला 'खो' ऐकू येणार कसा? तरी तो सापडेना. बसलेल्या गड्याचा गुडघा नुसता हलला, की हा दुसऱ्या बाजूला! बघायचा समोर, पण कडेचे सगळे त्याला कळायचे. मी बाईंना विचारले, "बाई, ह्याचं वर्गात लक्ष नसतं, मग इथं कुठनं येतं?"

बाई म्हणाल्या, "तू पुस्तकात बघतोस तेव्हा आजूबाजूला काय चाललंय ते तुझे कान सांगतात. त्याला कोण सांगणार? त्याचे डोळेच ना?"

बाईंनी मग माहिती दिली. अमेरिकेत हेलन नेव्हिल यांनी १९८७ साली दाखवले की, जन्मापासून कर्णबधिर असलेल्या मोठ्या माणसांचा मेंदू नजरेच्या कडेकडे जास्त लक्ष देतो. पुढे २००९ साली तिथल्या संशोधकांनी लहानपणापासून खुणांची भाषा बोलणारी कर्णबधिर मुले तपासली. ७ ते १० वर्षांच्या मुलांत फरक दिसला नाही. ११ वर्षांपासून पुढची मुले मात्र कडेच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा चांगल्या टिपत होती. त्यांचे डोळे काही जास्त तीक्ष्ण नसतात. लक्षाची वाटणी निराळी असते.

दुसऱ्या दिवशी मी कानांत कापसाचे बोळे घालून बसलो. थोडे ऐकू येतच होते, तरी पंचाईत झाली. वहीत बघावे तर बाईंचे ओठ चुकत, ओठ बघावेत तर लिहायचे राहून जाई. बाई फळ्याकडे वळल्या की तर काहीच कळेना. माझीही मान सारखी वर होऊ लागली. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आता बाई बोलताना आमच्याकडे तोंड करतात, आणि लिहायला वेगळा वेळ देतात. त्याला पुढे, जरा कडेला बसवले आहे. तिथून बाई आणि सगळा वर्ग दोन्ही दिसतात.

त्याची माफी कशी मागावी ते मला सुचेना. शेवटी मी फळ्यावर माझेच नाव लिहिले आणि पुढे लिहिले, 'लक्ष नाही'. तो पोट धरून हसला. मग उठला आणि त्यानेच ते पुसून टाकले.

मित्रांनो, कुणाचे लक्ष नाही असे म्हणण्याआधी ते कुठे आहे हे जरूर बघा. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. फळ्यावर लिहिले तेवढे पुष्कळ झाले.

— वर्गप्रमुख, इयत्ता ७ वी