मागचा टायर

आम्ही आयटीवाले मायलेजवर तासभर वाद घालू, पण रस्त्याला टेकलेला रबराचा तळहाताएवढा तुकडाच आपल्याला धरून ठेवतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या पल्सर १५०चा मागचा टायर खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत (टीडब्ल्यूआय म्हणतात त्यांना) झिजला होता आणि पावसाळा तोंडावर. दुकानदार म्हणाला, "साहेब, १२०चा टाका, लुक येतो!" नको रे बाबा. कंपनीचा साइझ १००/९०-१७, म्हणजे १०० मिमी रुंद, उंची त्याच्या ९० टक्के, रिम १७ इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, आकार बिघडतो. लुक गेला उडत. मी आपला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचत बसलो. ३२२४ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. आधी दाखवलेला टायर चार वर्षांचा म्हातारा निघाला, परत पाठवला.

आता खरी गंमत. जुना टायर हायवेवर सरळ पळून मधोमध सपाट झालेला, नवा छान गोल. त्यामुळे वळणावर गाडी अशी पटकन कलते की पोटात गोळाच येतो. शिवाय नवं रबर गुळगुळीत. पहिले दीडशेक किलोमीटर जोरात ब्रेक नाही, फार झुकवणं नाही, आणि मागे आईला बसवणं तर अजिबातच नाही.

"टायर बसवलास ना? मग झालं की!" इति आई. मंगळवारी तिला डॉक्टरांकडे न्यायचंय. एकशे दहा झालेत, चाळीस राहिलेत. उद्या सकाळी एकटाच कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन येतो, हळूहळू.