खाट सरकते तेव्हा

वऱ्हाडातील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे आठवत असेल. घरातील वृद्ध माणसाची खाट प्रथम ओसरीवर असे. तेथून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करी, कापसाचा भाव ऐके, सालदाराला हाक मारी. गुडघे थकले, की खाट माजघरात येई. अखेरीस ती स्वयंपाकघराच्या दाराशी सरके. कारण तेथे पेजेची वाटी आणि सुनेचा हात, दोन्ही जवळ असत. खाट सरकत असे, घर मात्र तेच राही.

आज मलकापुरात ओसऱ्या आहेत, खाटा आहेत. हात मात्र कमी झाले आहेत. गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने मुलांना शहराची वाट सोपी झाली आणि मागे दोन थकलेली माणसे उरली. नाताळच्या सुटीत आलेली ही मुले मिस्सा संपल्यावर आम्हांला हलक्या आवाजात विचारतात, “फादर, आईबाबांना पुण्याला ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवले, तर ते पाप होईल का?”

पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील सेवेचे टप्पे असलेल्या वसाहतींची कल्पना सरळ आहे. पहिल्या टप्प्यात वृद्ध दांपत्य स्वतःच्या घरात स्वतःच्या इच्छेने राहते. दुसऱ्यात स्नानाला, औषधाला मदतनीस मिळतो. तिसऱ्यात अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती हरपलेल्या माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा होते. अर्थात अनामत रक्कम आणि मासिक खर्च पाहता हे सुख प्रत्येक कुटुंबाला झेपणारे नाही.

पापाविषयी विचाराल तर आम्ही कालवारीकडे बोट दाखवितो. क्रुसावरून प्रभूने आपल्या मातेला योहानाच्या हाती सोपविले आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला. आईची सोय दुसऱ्याच्या घरी लावणे म्हणजे तिचा त्याग नव्हे. परंतु प्रभूने हे काम निरोप धाडून केले नाही. ती समोर उभी असताना, प्राणांतिक वेदनेतही, तो तिच्याशी बोलला.

खरी कसोटी वसाहतीच्या दाराशी लागत नाही. ती एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना लागते. मरणाची तयारी केलेली माणसे घराची किल्ली हातातून जाताना कोलमडतात, हे आम्ही पाहिले आहे. पतीचे पाय चालतात आणि पत्नीला त्याचे नाव आठवत नाही, अशा वेळी दोघांच्या खोल्या वेगळ्या होतात. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगून ठेवले होते, की म्हातारपणी दुसराच कोणी त्याची कंबर बांधील आणि त्याची इच्छा नसेल तिकडे त्याला नेईल. ते भाकीत पेत्राच्या हौतात्म्याविषयी होते. पण प्रत्येक वृद्धाला, आम्हां धर्मगुरूंनाही, त्यात स्वतःचे काही सापडते.

हे नेणे प्रेमाचे कसे व्हावे, ते फ्रान्समधील संत झान ज्युगाँ हिने दाखविले. १८३९ साली तिने एका आंधळ्या, पंगू वृद्धेला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला आणि आपण माळ्यावर निजली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. १८८२ साली या धर्मभगिनी कोलकात्याला आल्या. मुंबईत अंधेरीलाही त्यांचे निवासस्थान आहे. गरीब वृद्धांना त्या आश्रय देतात, त्यांच्यासाठी दारोदार मदत मागतात आणि मरणाऱ्याच्या उशाशी जागत बसतात. स्वतः झानला अधिकारावरून दूर सारण्यात आले. अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी गेली. सभोवतालच्या अनेक तरुण उमेदवार भगिनींना हीच आपली संस्थापिका आहे, हे ठाऊकही नव्हते. १८७९ साली ती वारली आणि २००९ साली तिला संतपद मिळाले.

आईवडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ साली आपल्या देशात कायदा झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. कायदा मुलाकडून निर्वाहाचे पैसे मिळवून देईल. त्याला उशाशी बसविणार नाही.

म्हणून आमच्या भाविक कुटुंबांना एवढेच सांगणे. निर्णय आईवडिलांच्या पाठीमागे घेऊ नका. वसाहत पाहायला जाल तेव्हा बाग दाखविली जाईल. ती पाहा, पण तिसऱ्या टप्प्यातल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसा. तेथे रुग्णाला नावाने हाक मारतात का, ते ऐका. पतीला रोज पत्नीजवळ बसून जेवता येईल का, ख्रिस्तप्रसाद पोहोचेल का, रुग्णाभिषेकासाठी धर्मगुरूला वेळेवर बोलावतील का, ते विचारा. आणि खाट हलविण्याचा दिवस येईल तेव्हा फोनवर राहू नका. तेथे या आणि तिचे एक टोक स्वतः उचला.