संत कबीर चौकापर्यंत

पुण्याचा लक्ष्मी रस्ता अलका टॉकीजपाशी सुरू होतो आणि संत कबीर चौकात संपतो. निदान आम्हां पेठकरांच्या मते तरी! त्यापलीकडे लष्कर, आणि गिटार ही वस्तू लष्करातली. आमच्या कानांना १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाची सवय. रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, ही माझी ठाम समजूत.

म्हणूनच भाच्याने गिटार आणली, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर धड बोललो नाही. एका संध्याकाळी त्याने भीतभीतच ‘अग्नी’ या पुण्याच्याच बँडचे गाणे लावले. गायक मोहन कन्नन, गिटारवर कौस्तुभ ढवळे ऊर्फ कोको. त्यांचा पहिला आल्बम २००७ सालचा. पुढे २०२२ च्या ‘लालसिंग चढ्ढा’तही कन्नन गायले. पण भाच्याने लावलेले ‘साधो रे’ ऐकून मी दचकलो. शब्द चक्क कबीराचे!

दुसऱ्या दिवशी आम्ही मामा-भाचे लक्ष्मी रस्त्याने निघालो. इतकी वर्षे ये-जा करूनही चौकाच्या नावाकडे माझे लक्ष त्या दिवशी प्रथमच गेले. तिथून परतलो नाही. तसेच पुढे लष्करात गेलो, गिटारच्या तारा घ्यायला. पैसे मीच दिले.